चाकोरी कोणी सोडायची?

१९३० साली बल्लारपूरचा एखादा मोटारवाला वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याला निघाला, तर तो परदेशात निघाला होता. नदीच्या अलीकडे ब्रिटिशांचा मध्य प्रांत आणि त्यातला चांदा जिल्हा. पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. तिकडचा रुपया वेगळा, त्याला हाली सिक्का म्हणत. टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. सरहद्दीवर मालाची जकात भरावी लागे आणि ती वसूल करणाऱ्या खात्याचं नाव होतं करोडगिरी. मोटारीचा कायदाही नदीपाशी संपायचा, कारण १९१४ चा मोटार कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांचा कारभार संस्थानांकडे.

खाली सिरोंचाला तर आणखी मजा. प्राणहिता ओलांडली की निजाम, इंद्रावती ओलांडली की बस्तरचा राजा. एका तालुक्याला दोन परदेश.

आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा राजुरा नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. १९८२ मध्ये चांद्यातूनच गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नद्यांवर पूल झाले. सिरोंचाहून गोदावरीच्या पुलावरून तेलंगणात गेलं की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, बाकी गाडी तशीच चालत राहते. गाडी डावीकडून चालते हे तेव्हाही दोन्ही काठांवर सारखंच होतं. त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला डावी बाजू ही सूर्य पूर्वेला उगवण्याइतकी नैसर्गिक वाटते.

हे सगळं डोक्यात आलं ते भाच्यामुळे. तो गडचिरोलीचा, आता कामासाठी सहा महिने स्वीडनला चाललाय. शनिवार-रविवारी गाडी भाड्याने घेऊन फिरायचा बेत आहे. मी इतिहास शिकवतो, तरी त्याने मलाच विचारलं, "मामाजी, तिकडचे ट्रॅफिकचे नियम काय ते एका मेसेजमध्ये पाठवा ना." एका मेसेजमध्ये मावलं नाही. नियमांची यादी नेटवर मिळते, पण ते नियम असे का आहेत हे कळलं की लक्षात राहतात, असं माझं मत. म्हणून हा लेख.

बंडीचा नियम

"चाकोरी" हा शब्द आपण आता फक्त "चाकोरीबाहेरचा विचार" असं म्हणताना वापरतो. पण चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली दोन खोल घळं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. पावसाळ्यात ओल्या मातीत उमटलेली चाकोरी उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते आणि बंडी एकदा तिच्यात उतरली की रुळावरच्या आगगाडीसारखी चालते. गाडीवान डुलकी काढू शकतो, बैल घर गाठतात.

प्रश्न येतो तो समोरून दुसरी बंडी आली की. चाकोरी एक, बंड्या दोन. कोणीतरी बाहेर पडायला हवं. माझे आजोबा सांगायचे की रिकाम्या बंडीने भरलेल्या बंडीला वाट द्यायची. धानाची पोती लादलेली बंडी चाकोरीतून काढायची म्हणजे बैलांचे हाल आणि कधीकधी कणा मोडायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बाहेरगावच्या माणसाला तो माहीत असेलच असंही नाही, आणि मग रानाच्या मधोमध दोन गाडीवानांची जुंपायची.

गंमत अशी की हाच नियम आपल्या आजच्या कायद्यात आहे. १९८९ च्या रस्ते-नियमावलीतही लिहिलेलं होतं की घाटात किंवा चढावर दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. ज्याला थांबून पुन्हा निघणं जड, त्याला आधी जाऊ द्या. बंडीचंच तर्कशास्त्र.

गाडीवान बंडीच्या मधोमध, दोन बैलांच्या मागे बसतो. त्याला डावं-उजवं सारखंच. म्हणून मला वाटतं, केवळ बैलगाड्या असत्या तर डावी बाजू की उजवी हा वाद फारसा झालाच नसता. तो वाद आला घोडागाड्यांमुळे आणि राज्यकर्त्यांमुळे.

डावं कोणाचं, उजवं कोणाचं

याबद्दल तलवारीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. माणूस उजव्या हाताने तलवार चालवतो, म्हणून समोरचा उजवीकडे राहावा यासाठी घोडेस्वार डावीकडून जात. गोष्ट छान आहे, पुरावा तोकडा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मालवाहू घोडागाड्यांचा मुद्दा जास्त पटतो. त्या गाड्यांचा चालक बऱ्याचदा डावीकडच्या घोड्यावर बसे. समोरून येणाऱ्याचं चाक आपल्या चाकाला घासत नाही ना, हे बघायला समोरचा आपल्या डावीकडून गेलेला बरा, म्हणजे आपण रस्त्याच्या उजवीकडे. पेनसिल्व्हेनियाने १७९२ मध्ये उजव्या बाजूचा कायदा केला. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्येही उजवी बाजू रुजली आणि नेपोलियनच्या काळात युरोपभर पसरली. ब्रिटनने १८३५ च्या हायवे ॲक्टने डावी बाजू पक्की केली आणि जिथे जिथे युनियन जॅक गेला तिथे तिथे ती नेली. आज जगातली साधारण एक तृतीयांश माणसं डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत राहतात, त्यातला मोठा वाटा भारतीय उपखंडाचा.

सगळेच इंग्रजांमुळे डावीकडे गेले असं मात्र नाही. थायलंड आणि जपान कधीच ब्रिटिश वसाहती नव्हत्या, तरी डावीकडे.

गोव्याचं उदाहरण मला फार आवडतं. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली. गोवा पोर्तुगालचा. मग गोव्यातही गाड्या उजवीकडून जायला हव्या होत्या. पण सावंतवाडीहून किंवा कारवारहून येणारा प्रत्येक जण डावीकडून येणार, त्याला सरहद्दीवर बाजू बदलायला लावायची म्हणजे रोजची टक्कर. म्हणून गोवा, मोझांबिक, मकाव या वसाहती डावीकडेच राहिल्या. राज्य लिस्बनचं, पण रस्ता शेजाऱ्याचा. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा चलनापासून कायद्यापर्यंत खूप काही बदललं. रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागली नाही.

उलट उदाहरण ब्रह्मदेशाचं. १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. १९७० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने एका फटक्यात वाहतूक उजवीकडे नेली. रस्ते बदलले, गाड्या त्याच राहिल्या. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीही रस्त्याच्या उजवीकडे, म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. जुन्या बसचं दारही भर रस्त्यात उघडायचं.

स्वीडनची पहाट

भाचा जिथे चाललाय त्या स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत आपल्यासारखीच डावी बाजू होती. शेजारचे नॉर्वे, फिनलंड उजवीकडे. त्यात स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे उजव्या बाजूच्या देशासाठी बनवलेलं. अरुंद रस्त्यांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका होत. सरकारने १९५५ मध्ये लोकांना विचारलं, बदलू या का? ८० टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. पुढे संसदेने तरीही बदलायचं ठरवलं.

३ सप्टेंबर १९६७. रविवारची पहाट. मध्यरात्रीनंतर खासगी गाड्यांना रस्त्यावर बंदी. जे थोडे रस्त्यावर होते त्यांनी ४ वाजून ५० मिनिटांनी थांबायचं, हळूच डावीकडून उजवीकडे जायचं, पुन्हा थांबायचं आणि पाच वाजता निघायचं. देशभर चौकातल्या पाट्या, सिग्नल, बसथांबे आधीच दुसऱ्या बाजूला लावून झाकून ठेवलेले, ते रातोरात उघडले. आणि अपघात वाढले नाहीत. उलट सुरुवातीचे काही महिने कमी झाले, कारण प्रत्येक जण घाबरून, बघून, हळू चालवत होता. सवय झाली तसे आकडे पुन्हा पहिल्या जागी गेले.

मी भाच्याला ही गोष्ट सविस्तर सांगितली त्याला कारण आहे. परदेशात गेलेला माणूस पहिल्या दिवशी चुकत नाही, तेव्हा तो त्या स्वीडिश लोकांसारखाच सावध असतो. धोका चौथ्या-पाचव्या दिवसापासून. तोही गर्दीत नाही, कारण गर्दीत पुढच्या गाडीमागे जाता येतं. सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर येताना, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना, वळून परत फिरताना, एखाद्या निर्मनुष्य शेतरस्त्यावरून हायवेला लागताना शरीर आपोआप ओळखीच्या बाजूला जातं. गडचिरोलीत गाडी शिकलेल्याला रिकामा रस्ता म्हणजे आपलाच रस्ता वाटणार. त्यासाठी एक खूण पुरते. ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो, इथेही आणि तिथेही. आपल्या खांद्याशी मधली रेषा आहे आणि पलीकडच्या सीटशी रस्त्याची कड आहे, असं दिसलं की आपण बरोबर बाजूला आहोत.

पायी चालतानाही हेच. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडायला निघाले. लंडनच्या सवयीने त्यांनी चुकीच्या बाजूला पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या मोटारीने त्यांना उडवलं. थोडक्यात वाचले. लंडनमध्ये आज रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत "उजवीकडे बघा" असं इंग्रजीत रंगवलेलं असतं, ते पाहुण्यांसाठीच.

छोटंसं पुस्तक

सरहद्दीपलीकडे नेलेल्या मोटारीचं आणि ड्रायव्हरचं काय करायचं, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना. १९०९ मध्ये पॅरिसला काही देशांनी करार केला आणि धोक्याच्या फक्त चार खुणा ठरवल्या: खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. चारच. पुढे १९२६ मध्ये पॅरिसला, १९४९ मध्ये जिनिव्हाला आणि १९६८ मध्ये व्हिएन्नाला नवे करार झाले. जुने रद्द न होता नवे वर चढत गेले, त्यामुळे आजही कुठला देश कुठल्या करारात आहे हे बघावं लागतं. जपान फक्त १९४९ च्या कराराचं परमिट मानतो. भारत त्याच करारात असल्यामुळे आपलं परमिट तिथे चालतं, आणि १९६८ चं परमिट घेऊन आलेल्याला मात्र जपानी भाषेतला अनुवाद जोडावा लागतो किंवा ते चालतच नाही. जायच्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघा हे सांगण्यामागे हा गुंता आहे.

आपल्याकडे हे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओ देतं. एमएच ३३ म्हणजे गडचिरोली, एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर. त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. फॉर्म ४-ए, पासपोर्टची प्रत, हजार रुपये शुल्क. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. २०२२ पासून देशभर त्याचं रूप एकसारखं केलंय आणि त्यावर क्यूआर कोड असतो. हे पुस्तक म्हणजे लायसन्स नव्हे, लायसन्सचा अनुवाद. त्यामुळे मूळ लायसन्स खिशात नसेल तर परदेशी पोलिसाच्या लेखी तुमच्याकडे काहीच नाही.

खुणांचं मात्र मला कौतुक वाटतं. थांबा म्हणायची पाटी अष्टकोनी आणि वाट द्या म्हणायची पाटी उलटा त्रिकोण, म्हणजे बर्फाने अक्षरं झाकली किंवा भाषा येत नसली तरी आकारावरून कळतं. गडचिरोलीच्या माणसाला याची किंमत जास्त कळावी. आमच्याकडे एकाच जिल्ह्यात माडिया, गोंडी, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी बोलतात आणि चामोर्शी-मुलचेऱ्याकडे निर्वासित म्हणून येऊन वसलेल्यांची बंगालीही. शब्दांशिवायची पाटी ही आमची गरज आहे.

आधी कोण?

डावं-उजवं जमलं की खरा प्रश्न उरतो तो बंडीचाच, चाकोरी कोणी सोडायची?

स्वीडनमध्ये पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. फ्रान्समध्ये, जर्मनीतही तेच. छोट्या गल्लीतून सायकलवाला तुमच्या उजवीकडून आला तरी हक्क त्याचा, तुमचा रस्ता कितीही रुंद असो. आपल्या १९८९ च्या नियमावलीतही मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजवीकडच्याला वाट द्या असं स्पष्ट लिहिलेलं होतं. चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळ उभं राहून हे वाक्य मोठ्याने वाचून बघावं. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते, आणि दोन्ही सारख्याच मोठ्या असतील तर ज्याचा हॉर्न मोठा तो.

हॉर्नचंही असंच. आपल्या ट्रकांच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" लिहायची परंपरा होती, महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. ओव्हरटेक करताना हॉर्न देणं ही आपल्याकडे सभ्यता आहे. युरोपात अपघात टाळण्याखेरीज वाजवलेला हॉर्न म्हणजे समोरच्याला शिवी. डिप्परचा अर्थ तर चक्क उलटा होऊ शकतो. मूल-गडचिरोली रस्त्यावर समोरच्याने डिप्पर मारला तर "मी येतोय, तू थांब". ब्रिटनमध्ये लोक तोच प्रकाश बऱ्याचदा "या, तुम्ही आधी जा" म्हणून मारतात. तिथल्या सरकारी नियमपुस्तिकेला दोन्ही मान्य नाहीत. तिच्या मते अर्थ एवढाच की मी इथे आहे. म्हणून पाहुण्याने डिप्परवर विश्वास ठेवू नये, गाडीची चाकं थांबली का ते बघावं.

आणि पायी चालणारा. स्वीडनमध्ये सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर कोणी पाऊल टाकलं, किंवा टाकणार असं दिसलं, तरी गाडीने वाट द्यायची, असा कायदा मे २००० पासून आहे. तिथला माणूस तुमच्याकडे न बघता रस्त्यावर उतरतो, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. आपला माणूस गाडी थांबणार नाही हे गृहीत धरून उतरतो. गडचिरोलीचा ड्रायव्हर आणि स्वीडनची म्हातारी एका क्रॉसिंगवर आले, तर दोघेही आपापल्या देशात बरोबर असतील आणि तरी म्हातारी मरेल. भाच्याला मी बाकी सगळं विसरलास तरी चालेल, पण हे लक्षात ठेव, असं दोनदा सांगितलं.

दारूची मर्यादा आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, तिथे २०. दिवसाही हेडलाइट लावूनच गाडी चालवायची, हे तिथे १९७७ पासून. डिसेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. हे मी एका ओळीत उरकतोय, कारण गाडी भाड्याने देणारेही ते सांगतात.

रानातला रस्ता

एका बाबतीत आमचा पोरगा स्टॉकहोमच्या पोरापेक्षा तयार आहे. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. आलापल्ली-भामरागडकडचे रस्ते तर रानच. संध्याकाळी चितळाचा कळप रस्त्याकडेला दिसला की एक गेलं तरी मागून दुसरं येणार, रानडुकरं रांगेने येतात, हेडलाइटमध्ये डोळे चमकले की आधी वेग कमी करायचा, हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. स्वीडनमध्ये हरणाच्या जागी एल्क घाला. उंच पायांचं, चार-पाचशे किलोंचं जनावर. गाडीची धडक पायांना बसते आणि धड थेट काचेवर येतं. वेळही तीच, पहाट आणि संध्याकाळ.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. तिथे येणारे पाहुणे गेटच्या आत सगळे नियम पाळतात. हॉर्न नाही, उतरायचं नाही, जिप्सी हळू. संध्याकाळी सफारी संपते, तीच माणसं आपापल्या गाड्यांत बसतात आणि बाहेरच्या रस्त्यावर, जिथे तेच जंगल आणि तीच जनावरं आहेत, सुसाट सुटतात. गेट कुठे आहे हे चितळाला कोणी सांगितलेलं नसतं.

स्वीडनमध्ये गाडीने एल्क, हरीण, रानडुक्कर, अस्वल, लांडगा अशा ठरावीक प्राण्यांना धडक दिली, तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जनावराला लागलंय असं दिसलं नाही तरीही. धडक झाली त्या जागी खूण बांधायची, त्यासाठी एक खास रिबन असते. जनावर कुठल्या बाजूला पळालं ते सांगायचं. मग त्या भागातला नेमलेला शिकारी कुत्रा घेऊन येतो, त्या खुणेपासून माग काढतो आणि जखमी जनावर सापडलं तर त्याचा त्रास संपवतो. न कळवता निघून गेलात तर दंड.

हे वाचून भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मामाजी, ती रिबन कुठे मिळते?" पोलिस ठाण्यात मिळते असं मी सांगितलं. तो म्हणाला, येताना दोन-चार जास्तीच्या आणतो, मूलच्या रस्त्याला लागतील.